शरणपूरहून मोंबासाला गेलेले चुलत पणजोबा

वाचकांचे प्रश्न : कुलवृत्तान्त आणि वंशशोध

प्रश्न : आमचे घराणे पाच पिढ्यांपासून नाशिकच्या शरणपूर भागात राहत आले आहे. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ प्राइससाहेबांबरोबर आफ्रिकेत गेले, तिकडे सुतारकाम करीत आणि परत आले नाहीत, एवढेच आजीकडून ऐकले होते. घरात मराठी नव्या कराराची एक जुनी प्रत आहे. तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर बाळबोध अक्षरांत त्यांचे नाव, ‘शरणपूर’ आणि १८७४ हे साल आहे. खाली वेगळ्या, फिकट शाईने ‘मोंबास’ असे लिहिलेले आहे. आमचे आडनाव इंग्रजी असल्यामुळे काही नातलगांच्या मते आमचा मूळपुरुष कोणी इंग्रज असावा. काकांचे म्हणणे असे की आपण दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांचे वंशज आहोत. खरे काय असावे, आणि आफ्रिकेतील शाखेचा शोध घ्यायचा तर सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या पानावरील साल आजीच्या आठवणीशी नेमके जुळते, म्हणून शोधाची सुरुवात तेथूनच करावी. विल्यम सॉल्टर प्राइस हे चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री. नाशिकजवळ शरणपूर हे ख्रिस्ती गाव १८५० च्या दशकात त्यांनी वसविले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासाला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी मोंबासा बेटासमोर, मुख्य भूमीवर जमीन घेऊन त्यांनी एक वसाहत उभी केली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८७३ मध्ये झांजिबारला शिष्टाई करून समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कराराला चालना दिली होती. त्यांच्याच नावावरून वसाहतीला फ्रिअरटाउन म्हणू लागले. आपले चुलत पणजोबा १८७४ किंवा १८७५ मध्ये तेथे गेले असतील, तर ते वसाहतीच्या अगदी पहिल्या रहिवाशांपैकी ठरतात.

आता ते कोण असावेत, याकडे वळू. ब्रिटिश आरमाराची जहाजे हिंदी महासागरात अरबी गलबते अडवीत आणि त्यांत सापडलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवीत. त्यांच्यातील बऱ्याच मुलांना १८६० च्या सुमारापासून शरणपूरच्या आश्रमात धाडले जाऊ लागले. तेथे ती मराठी बोलू-लिहू लागली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आफ्रिकेचे प्रसिद्ध संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ मध्ये आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी याच आश्रमाच्या शाळेतून मुलगे निवडले. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीसाठी गेलेल्या तुकडीतील जेकब वेनराइट हाही येथलाच विद्यार्थी. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे हृदय पुरलेल्या जागेजवळच्या झाडावर त्याने लेख कोरला, शव इंग्लंडला पोहोचविले आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत तो हजर होता. नाशिकहून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या अशा लोकांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. पुढे फ्रिअरटाउनला आरमाराने सोडविलेले शेकडो लोक उतरविण्यात आले, तेव्हा त्यांना शिकविणारे, घरे बांधणारे आणि दुभाषे म्हणून हेच लोक कामाला आले. मूळचे बंदिवान असले तरी नाशिकहून निघताना ते स्वतंत्र, पगारी कारागीर होते. हा भेद आपल्या शोधात फार महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

यावरून इंग्रज मूळपुरुषाचा तर्क सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आश्रमातील मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी इंग्रजी नावे मिळत, आणि ती अनेकदा एखाद्या पाद्र्याची किंवा इंग्लंडमधून मुलाचा खर्च उचलणाऱ्या देणगीदाराची असत. वेनराइटबरोबर त्याच तुकडीत असलेल्या एका मुलाचे नाव केरस फॅरर होते, आणि फॅरर नावाचे मिशनरी नाशिकला पूर्वी काम करून गेले होते. असे आडनाव फार तर एवढेच सांगते की त्या वर्षी मिशनमध्ये कोणाच्या नावाला मान होता. रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. काकांचे म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नाही, कारण शरणपुरात देशी अनाथ मुलेही वाढत होती. परंतु आपल्या पत्रात न आलेली तिसरी शक्यताही तितक्याच गांभीर्याने तपासावी, ती म्हणजे दोघा भावांपैकी एक किंवा दोघेही आफ्रिकेत जन्मलेले असणे. एकाच आश्रमात, एकाच आडनावाखाली वाढलेली दोन मुले आयुष्यभर एकमेकांना भाऊ म्हणत राहिली, असे सहज घडू शकते. काही घराण्यांत ही गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते. शोध घेणाऱ्याने तो संकोच बाजूला ठेवावा, नाहीतर समोर आलेला कागदही नीट वाचला जात नाही.

कागदांचा शोध नाशिकपासूनच सुरू करावा. शरणपूरच्या चर्चची जुनी दफ्तरे ज्यांच्या ताब्यात असतील त्यांच्याकडे लेखी विनंती करून १८५५ ते १८७५ या काळातील बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी पाहाव्यात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावानंतर आईवडिलांच्या नावांचा रकाना असतो, आणि तो कोरा आहे की भरलेला, यावर बरेच अवलंबून आहे. तेथे मराठी नावे असतील तर काकांचे पारडे जड होईल. रकाना कोरा असेल आणि त्याच तारखेला एकामागोमाग अनेक मुलांचा बाप्तिस्मा झालेला दिसला, तर ती एखाद्या गलबतातून सुटलेली टोळी असण्याचा संभव वाढतो. म्हणून केवळ आपले नाव उतरवून घेऊन थांबू नये; पानावरच्या वरच्या-खालच्या दहा-बारा नोंदीही लिहून घ्याव्यात. विवाहाची नोंद तर त्याहून उपयोगी, कारण तीत व्यवसाय, पत्नीचे नाव आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. फ्रिअरटाउनला बरेच जण संसारासह गेले, त्यामुळे पत्नीचे नाव कळले की एकाच इंग्रजी नावाच्या दोन माणसांतला घोटाळा टळतो. एखाद्या साक्षीदाराची मराठी सही आपल्या नव्या करारावरील अक्षराशी ताडून पाहावी.

मूळ वह्या जीर्ण झाल्या असतील किंवा पाहू दिल्या गेल्या नाहीत, तरी मार्ग खुंटत नाही. मुंबई इलाख्यातील चर्चांच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात असून त्यांचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतो. तेथे युरोपीय लोकांच्याच नोंदी बहुसंख्य आहेत, तेव्हा फार आशा धरू नये, पण शोधायला अर्धा तास पुरतो. मुलांच्या मुंबईतील आगमनाची चौकशी मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात करावी. सोडविलेल्या मुलांची व्यवस्था लावण्याचे काम पोलिसांकडे असे आणि त्यासंबंधीचा पत्रव्यवहार सरकारी खात्यांच्या दफ्तरात आहे. मात्र तेथे मुलांची नावे क्वचितच मिळतात, बहुधा नुसती संख्या मिळते. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर शरणपूरची पार्श्वभूमी समजण्यासाठी वाचावे. व्यक्तिगत माहिती त्यात नाही.

खरा खजिना आहे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत, जेथे चर्च मिशनरी सोसायटीचे दफ्तर ठेवलेले आहे. १८७५ मध्ये मोंबासा झांजिबारच्या सुलतानाच्या राज्यात होते. ब्रिटिश संरक्षित प्रदेश ते १८९५ मध्ये झाले आणि केनिया हे नाव १९२० चे. त्यामुळे पहिल्या वीस वर्षांत तेथील जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे सरकारी खाते असण्याचा प्रश्नच नव्हता. कोण कोणत्या झोपडीत राहतो, कोणाला किती पगार, कोण आजारी, कोण भांडून निघून गेला, हे सारे मिशनच्या पत्रांत आणि रोजनिशांत उतरले. ग्रंथालयाला पत्र लिहिताना ‘आमच्या घराण्याची माहिती पाठवावी’ असे मोघम लिहू नये. पश्चिम भारत मिशन आणि पूर्व आफ्रिका मिशन या दोन्ही विभागांतील १८७४ ते १८८० ची कागदपत्रे, प्राइस यांचा पत्रव्यवहार, आणि कारागिरांची किंवा पगाराची यादी, अशी नेमकी विचारणा करावी; सोबत नावाची चार-पाच संभाव्य इंग्रजी स्पेलिंगे द्यावीत. पाद्री आपल्या पत्रांत एकच नाव दोन प्रकारे लिहून जात.

येथेच वर सांगितलेला भेद कामाला येतो. आरमाराने फ्रिअरटाउनला आणून सोडलेल्या लोकांच्या याद्या वेगळ्या आहेत, आणि वंशज बहुधा उत्साहाने प्रथम त्याच चाळतात. आपले चुलत पणजोबा त्यांत सापडणार नाहीत. ते पगारपत्रकांत, सभासदांच्या नोंदीत किंवा एखाद्या पत्रातील ‘नाशिकचा सुतार’ अशा उल्लेखात सापडतील. आणखी एक खबरदारी घ्यावी. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे नाशिकचे विद्यार्थी १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबाई येथे गेले होते, म्हणजे १८७४ च्या आधीही हा ओघ होता. तेव्हा रबाईच्या जुन्या कागदांत तेच नाव दिसले, तर तो दुसरा माणूस असू शकतो.

१८८० नंतर या लोकांचे मिशनशी अनेक खटके उडाले. बरेच जण बाहेर पडले आणि १८८८ नंतर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीत, पुढे सरकारी बांधकामांवर कामाला लागले. हाताला कसब असलेला सुतार मिशनमध्ये अडकून राहिला असेल, असे मला वाटत नाही. म्हणून १८८० नंतर त्यांचे नाव मिशनच्या कागदांतून गायब झाले तर मृत्यू झाला असे समजू नये. मोंबासातील चर्चच्या विवाह व दफन नोंदी आणि नैरोबी येथील राष्ट्रीय अभिलेखागार हा त्यानंतरचा टप्पा. नाशिकच्या या मंडळींपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत हयात होते, तेव्हा तेथील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत नाशिकचे नाव अजून माहीत असणे अशक्य नाही.

जनुकीय चाचणीबद्दल आपण विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. पणजोबा आफ्रिकी असतील तर आपल्या नमुन्यात तो वाटा सरासरी आठवा असेल आणि सहज दिसून येईल; घरात पणजोबांचे नातवंड म्हणजे आपले काका हयात असल्यामुळे त्यांचा नमुना द्यावा, त्यात तो चौथा हिस्सा असेल. मात्र ही चाचणी पणजोबांबद्दल बोलते. दोघे रक्ताचे भाऊ नसतील, तर चुलत पणजोबांविषयी तिच्यावरून काहीच ठरणार नाही.

प्रश्न : मॉरिशसमधील एक मराठी कुटुंब नाशिकला येत आहे. त्यांचे पूर्वज कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या मुदतबंद करारावर, नव्हे, तर स्वतःच्या पैशाने तिकडे गेले, असे ते सांगतात. त्र्यंबकेश्वर किंवा रामकुंडावरील उपाध्यायांच्या वह्यांत त्यांचे नाव मिळेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : मिळू शकेल, पण मॉरिशसमधील गृहपाठ त्यांनी आधी उरकावा. मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर पाठविण्यास १८४२ मध्ये परवानगी मिळाली, आणि गिरमिटियांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत क्रमांक, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज अशी तपशीलवार माहिती असते. स्वखर्चाने गेलेला माणूस या वह्यांत नसतो. तरीही त्या प्रथम पाहाव्यात असे मी आग्रहाने सांगेन, कारण कित्येक जण पहिल्यांदा गिरमिटावर गेले, मुदत संपल्यावर गावी परतले आणि दुसऱ्या खेपेस तिकीट काढून गेले. घराण्याच्या आठवणीत दुसरीच खेप राहते. तेथे काही न मिळाल्यास विवाह आणि मृत्यूच्या नागरी नोंदी, तसेच जमीनखरेदीचे नोटरीचे दस्त पाहावेत. फ्रेंच काळापासूनची ही नोटरीची पद्धत इंग्रजांनी चालू ठेवली, आणि स्वतंत्र माणसाने चार पैसे जमताच जमीन घेतली की त्याचा कागद तेथे होतो.

या सर्वांतून मूळ गाव, आडनाव आणि जात एवढे हाती आले पाहिजे, कारण उपाध्यायांच्या वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात. नुसत्या व्यक्तीच्या नावावरून शोध लागत नाही. परदेशी गेलेला माणूस स्वतः तीर्थाला आलेला नसला, तरी त्याचे वडील किंवा भाऊ आलेले असू शकतात, आणि यात्रेकरू आपल्या भावांची व मुलांची नावेही लिहवून ठेवीत. तेव्हा भावकीची सगळी नोंद वाचून घ्यावी. जुनी पाने मोडीत असतात, म्हणून वाचून दाखविणारे गुरुजी मिळाले नाहीत तर मोडी जाणणारी व्यक्ती सोबत न्यावी. सिंहस्थाच्या दिवसांत उपाध्यायांना श्वास घ्यायला फुरसत नसते; पाहुण्यांनी ते महिने टाळून यावे, आधी फोन करून गाव आणि आडनाव कळवावे, आणि वहीचे छायाचित्र घ्यायचे असल्यास परवानगी मागावी.