गेममधले ‘हातवारे’

विश्रामबाग, सांगली इथल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी हात हलवून खेळायच्या मारामारीच्या गेमबद्दल त्यानं लिहिलं, ‘हा खेळ म्हणजे टीव्हीपुढे केलेले हातवारे.’ मित्रानं हरकत घेतली, की हा शब्द हिणवणारा आहे आणि समीक्षक असल्या गेमना असंच मोडीत काढतात. मित्राचं बरोबर आहे का? आणि ‘हातवारा’ असं एकवचन चालतं का?

माझ्या मते मित्राचं बरंचसं बरोबर आहे. हातवारे बोलण्याच्या सोबतीनं येतात. वक्ता करतो, लांबून भांडणारी माणसं करतात. त्यात समोरच्याला हात लागत नाही. म्हणून एखाद्या कृतीला हातवारे म्हटलं, की त्यातून काही घडलंच नाही असा निकाल आपण देऊन टाकतो.

कुंडलच्या कुस्ती मैदानात जोड लागली की पैलवान आधी एकमेकांच्या मनगटाला, मानेला हात घालून बघतात, झटकतात, पुन्हा घालतात. नवख्याला ते हातवारेच वाटतील. निवेदक मात्र ‘खडाखडी चाललीय’ म्हणतो, कारण कुठला हात पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला निघालाय आणि कुठला नुसता चाचपतोय, हे त्याला दिसतं. गेमच्या समीक्षकानंही हात काय करतोय आणि यंत्राला त्यातलं किती कळतंय, हे बघूनच शब्द निवडावा.

निन्टेंडोच्या ‘वी’ या गेमयंत्रावरच्या २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मधलं बॉक्सिंग घ्या. एका हातात रिमोट, दुसऱ्यात नंचक, म्हणजे त्याला वायरनं जोडलेला दुसरा कंट्रोलर. त्यांना हिसका कळायचा, हात नेमका कसा वळला ते नीट कळत नसे. मनगट झटकलं तरी ठोसा जायचा. तिथं ‘मनगट झटकणं’ लिहा, चपखल बसतं. २००९ मध्ये रिमोटला मोशनप्लस हा जादा भाग जोडता येऊ लागला, त्यातून जायरोस्कोप, म्हणजे हाताचं वळण मोजणारा सेन्सर आला आणि ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मधली तलवार हाताच्या कोनाप्रमाणे फिरू लागली. तो वारच. २०१७ च्या ‘आर्म्स’ या मारामारीच्या गेममध्ये मनगट वळवलं की ठोसा वळसा घेऊन जातो, दोन्ही हात एकदम पुढे केले की पकड बसते. बटण दाबून केलेली ती पकड आणि हातानं केलेले मात्र हातवारे, हा कुठला न्याय?

फसलेले गेमही आहेत. २०१० मध्ये कायनेक्ट या अंगाची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या ‘फायटर्स अनकेज्ड’ला समीक्षकांनी झोडपलं; खेळणाऱ्याची हालचाल त्याला धड ओळखता येत नव्हती. ती टीका रास्तच. पण तो दोष यंत्राच्या नजरेचा, आणि ‘हातवारे’ म्हटलं की तो खेळणाऱ्याच्या माथी बसतो. ‘खेळून दंड दुखायला लागले’ ही समीक्षकांची तक्रारही मी गेमच्या खात्यावर मांडणार नाही. समीक्षक मुदत गाठायला तासन्‌तास खेळतो, घरी खेळणारा अर्ध्या तासात थांबतो.

तेव्हा तुमचा गेम नुसता हिसका ओळखत असेल, तर सरळ लिहा: ‘ठोसा मी मारत होतो, गेमला फक्त हिसका कळत होता.’ ‘हातवारे’ कायनेक्टच्या मेन्यूसाठी ठेवा. हवेत हात फिरवून पर्याय निवडायचा, म्हणजे यंत्राला खुणेनंच सांगायचं असतं.

‘हातवारा’ व्याकरणात बसतो, पुल्लिंगी आहे; बोलण्यात मात्र अनेकवचनच चालतं. एकच हालचाल सांगायची तर ‘हाताची खूण’ म्हणा.