हिवाळ्यातला ऑस्प्रे घरटं कुठे करतो?

प्रश्न: अंबाझरी तलावावर हिवाळ्यात मासे पकडणारा ऑस्प्रे दिसतो. त्याचं घरटं का सापडत नाही? जोडी कायम तीच राहते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: विदर्भात शोधू नका, इथे तो फक्त हिवाळी पाहुणा. वीण हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला होते. नर-मादी हिवाळा वेगवेगळे काढतात, पण वसंतात दोघं जुन्याच घरट्यावर परततात, म्हणून जोडी टिकते. एक आला नाही, तर दुसरा नवा जोडीदार घेतो. अंडी बहुधा ३, उबवण सुमारे ३७ दिवस. ती एका दिवशी घातलेली नसल्याने पिल्लं मागेपुढे निघतात. मासे कमी पडले की धाकटं उपाशी मरतं. उरलेली ५०-५५ दिवसांत उडतात. पहिली वीण तिसऱ्या वर्षाआधी क्वचितच. भर उन्हाळ्यात तलावावर एखादा रेंगाळलाच, तर तो बहुधा असा अल्पवयीन.