लायसन्स निलंबित, स्कूटर मात्र रस्त्यावर

प्रश्न : माझे धाकटे दीर दारू पिऊन स्कूटर चालवताना नाकाबंदीत सापडले. पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतले आणि पुढे आरटीओने ते तीन महिन्यांसाठी निलंबित केल्याचे पत्र आले. तरीही ते रोज संध्याकाळी खुंटीवरची किल्ली घेऊन निघतात आणि विचारले तर ‘मोबाइलमध्ये लायसन्सचा फोटो आहे’ म्हणतात. स्कूटर माझ्या नावावर आहे. सरकार कायदा आणखी कडक का करत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर कलमे सौम्य आहेत असे म्हणता येत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे प्रकरण जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, न्यायालयातच जावे लागते. तेथे दोष सिद्ध झाल्यास वाहन चालवण्यास किमान सहा महिने बंदी घातली जाते, आणि आरटीओचे तीन महिन्यांचे निलंबन ही त्याहून वेगळी कारवाई आहे.

कच्चा दुवा आहे तो बंदीच्या अंमलबजावणीत. निलंबनाची नोंद संगणकात झालेली असली, तरी चौकात उभ्या हवालदाराने लायसन्सचा क्रमांक तपासल्याशिवाय ती दिसत नाही; फोटो बघून सोडून दिले की बंदी फायलीतच राहते. म्हणून दंडाचा आकडा वाढवण्यापेक्षा प्रत्येक नाकाबंदीत क्रमांक तपासणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. बंदी असताना वाहन चालवणे हा कलम १८२ खालील स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. तेव्हा मोबाइलमधला फोटो दिरांच्या काहीही कामाचा नाही.

आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. बंदी ठाऊक असूनही स्कूटर चालवू दिली, तर मालक म्हणून कलम १८० खाली आपल्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यातच अपघात झाला तर विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. अशा दाव्यात मालकाने जाणूनबुजून गाडी दिली का, हे पाहिले जाते. त्यामुळे किल्ली खुंटीवरून काढून कुलपात ठेवावी आणि आपली मनाई दिरांना व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी कळवावी.