इन्स्टिट्यूट, कॉलेज की युनिव्हर्सिटी: कॅनडाला येण्याआधी एवढं बघ

भावा, तुझा मेसेज नीट वाचला. बीई मेकॅनिकल, अंबड एमआयडीसीत तीन वर्षं नोकरी, लग्न झालंय, आणि आता कॅलगरीतल्या इन्स्टिट्यूटचा दोन वर्षांचा डिप्लोमा की युनिव्हर्सिटीचं मास्टर्स यात अडकलायस, त्यात बाबा म्हणतायत की इन्स्टिट्यूट म्हणजे क्लासेस. मी इथे दहा वर्षं आहे, माहितीये ते सांगतो.

आपल्याकडे हा शब्द कशालाही लावतात, आयआयटी पण इन्स्टिट्यूट आणि टायपिंग शिकवणारं पण, आणि कॉलेज म्हटलं की ते कुठल्यातरी युनिव्हर्सिटीला जोडलेलं, डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचं. इथे बहुतेक कॉलेजेस कुणाच्या हाताखाली नसतात, स्वतःच सर्टिफिकेट आणि डिप्लोमा देतात, काही डिग्रीपण देतात. बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडी आणि रिसर्च हे मुख्यतः युनिव्हर्सिटीचं काम.

इन्स्टिट्यूट किंवा पॉलिटेक्निक या दोघांच्या मधे. कॅलगरीचं सेट (SAIT), एडमंटनचं नेट (NAIT), व्हँकुव्हरजवळ बर्नबीचं बीसीआयटी (BCIT), ही सरकारी आहेत, क्लासेस नाहीत. सेट तर १९१६ पासून आहे! वर्कशॉप, लॅब, हाताने काम करून शिकणं यावर भर, वेल्डर इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप पण तिथेच होते म्हणजे वर्षातले काही आठवडे वर्गात आणि बाकी वेळ पगारावर साइटवर. इथले कंपनीवाले या पोरांना खरंच मान देतात, हे बाबांना नक्की सांग. आणि नावं बदलतात पण, आजची टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी १९४८ मधे रायर्सन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून सुरू झाली होती.

म्हणून पाटीवर काय लिहिलंय ते सोड, शेवटी हातात कुठला कागद मिळणार आणि त्यावर वर्क परमिट मिळतं का ते बघ. माझा एक रूममेट एजंटच्या सांगण्यावरून एका प्रायव्हेट कॉलेजात आला, डीएलआय नंबर आहे ना मग झालं असं त्याला सांगितलेलं. डीएलआय नंबर म्हणजे फक्त बाहेरचे विद्यार्थी घ्यायची परवानगी, शिकून झाल्यावर पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायचं वर्क परमिट, मिळेलच असं नाही. त्याला नाही मिळालं. वडिलांनी जमीन गहाण ठेवून पैसे दिले होते, तो परत गेला त्या दिवशी एअरपोर्टला मीच सोडायला गेलो होतो, अजून आठवलं की कसंतरी होतं. सरकारच्या साइटवर त्या संस्थेच्या नावापुढे पीजीडब्ल्यूपीला हो लिहिलंय का ते तू स्वतः बघ, एजंटला विचारू नकोस.

आणखी एक, १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटला अप्लाय करणाऱ्यांना पीजीडब्ल्यूपी हवं असेल तर डिप्लोमा, सर्टिफिकेटसाठी विषय पण सरकारच्या यादीत असावा लागतो. कोर्सचा सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे कोर्स कुठल्या विषयात मोडतो तो नंबर, अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून माग आणि यादीत शोध, यादी बदलते. बॅचलर्स मास्टर्सला ही अट नाही. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा कमी असलं तरी, निदान आठ महिन्यांचं असेल तर तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं.

तुझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वहिनींची. जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (जवळपास कुठेही नोकरी करायची परवानगी) मुख्यतः १६ महिने किंवा जास्तीच्या मास्टर्सला, पीएचडीला आणि काही ठरावीक प्रोफेशनल कोर्सेसना मिळतं. साध्या डिप्लोमावर त्यांना त्या मार्गाने काम करता येणार नाही, म्हणजे दोन वर्षं घर एकट्या तुझ्या पार्टटाइमवर, तेही टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच.

मी तुझ्या जागी असतो तर मास्टर्स घेतलं असतं. थीसिसवालं असेल तर आधी प्रोफेसरला मेल कर, बऱ्याच ठिकाणी तो हो म्हणाल्याशिवाय अ‍ॅडमिशन होत नाही, पण फंडिंग मिळायची शक्यता असते. कोर्सवर्कवालं एमइंजी (मास्टर ऑफ इंजिनीअरिंग) सहसा स्वतःच्या खर्चाने. मार्कशीट आणि दोन्ही कोर्सची नावं पाठव, रविवारी बसून बघतो.