मला गाण्यांनी धीर येतो, यांना ती सहन होत नाहीत

प्रश्न : आम्ही मूळचे नगरचे, गेली काही वर्षं डॅलसजवळ राहतो. मिस्टरांची नोकरी गेली. एच-१बी, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा, त्यामुळे ६० दिवसांत दुसरी सोय झाली नाही तर अमेरिका सोडायची टांगती तलवार. त्यातच सासूबाई गेल्या. अशा वेळी देशाबाहेर पडलो तर परत येता येईल की नाही या भीतीने यांना जाता आलं नाही. दफनविधी फोनवर पाहिला. मी गाडीत इंग्रजी वर्शिप साँग्ज (उपासनेची गाणी) लावते, पोटभर रडते आणि मग घरात शिरते. यांना ती गाणी नकोशी झालीत. चर्चलाही येत नाहीत. म्हणतात, "हात वर करून हसायला मला जमणार नाही. आणि हा बँडबाजा म्हणजे उपासना नव्हे." मुलगा तिथल्याच युथ बँडमध्ये गिटार वाजवतो. यांना पुन्हा चर्चला कसं न्यावं?

उत्तर : ताई, इतक्यात नेऊच नका.

तुमच्या रडण्यात काही चुकतंय असं मला वाटत नाही. ही गाणी बांधलेलीच तशी असतात. सोपी चाल, कोणालाही झेपेल असा सूर आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा. लांबवून म्हटलेल्या ओळीला श्वास सावकाश सोडावा लागतो, त्याने धडधड उतरते. शब्द शोधायची ताकद नसते तेव्हा कुणीतरी आयते शब्द तोंडात घालतं, हे काय थोडं झालं? तुम्ही गाडीत ऐकत असाल 'ओशन्स' किंवा 'टेन थाउजंड रीझन्स'. पहिलं २०१३ चं, पाण्यावर चालायला निघालेल्या येशूच्या शिष्याचं, पेत्राचं. दुसरं २०११ चं, बायबलमधल्या १०३व्या स्तोत्रावरून केलेलं. म्हणजे वरची रंगरंगोटी नवी असली तरी आत शब्बाथशाळेत पाठ केलेलंच आहे.

पण मिस्टरांची तक्रार झटकून टाकू नका. निम्मी तरी खरी आहे. मोठ्या चर्चमध्ये रविवारी दिवे मंद होतात, ड्रम सुरू होतात, पडद्यावर शब्द झळकतात (काही ठिकाणी दाराशीच कानात घालायचे बोळे ठेवलेले असतात, यातच काय ते समजा), आणि सलग चार-पाच गाणी विजयाची, आनंदाची. ज्याने आईला शेवटची मूठमाती फोनच्या पडद्यावर पाहिली, त्याने तिथे उभं राहून करायचं काय? स्तोत्रसंहिता इतकी घाई करत नाही. तिच्यातली कितीतरी स्तोत्रं नुसत्या विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र 'किती काळ?' असं देवालाच विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मिस्टरांना ते वाचायला द्या. समजवायला जाऊ नका, नुसतं द्या.

ही उणीव गाणी करणाऱ्यांनाही जाणवली आहे. गीतकार मॅट रेडमन सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत होते. त्या दुःखाला पुरतील अशी गाणी चर्चमध्ये फारशी नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून 'ब्लेसेड बी युअर नेम' आलं. त्याचा गाभा बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचा आहे, दिलंही देवानेच आणि नेलंही देवानेच. रेडमन यांचे वडील ते सात वर्षांचे असतानाच गेले होते. असं गाणं घरात लागलं तर कदाचित मिस्टर उठून जाणार नाहीत. गेले तर जाऊ द्या. आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर दिवसभर लावत असाल तर तेवढं थांबवा. तुमचं औषध त्यांच्या डोक्याशी वाजतंय.

बँडबाजाचं म्हणाल तर हा वाद आपल्या ख्रिस्ती मंडळीत जुनाच आहे. मिशनरी आले तेव्हा विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गायले जायचे. पुढे नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगांतून प्रभूला आळवलं. आज मिस्टर ज्याला 'आपलं' म्हणत असतील ते 'उपासना संगीत' हे मराठी गीतपुस्तक असं हळूहळू आपलं झालं. तेव्हा तुमच्या मुलाच्या गिटारला इतक्या लवकर परकं ठरवू नये. उलट त्याला एक काम द्या. आजीचं आवडतं मराठी गाणं कोणतं, हे त्याने बाबांना विचारायचं आणि चाल त्यांच्याकडूनच शिकायची. बाबा गायला बसणार नाहीत, पण पोराने चाल चुकवली तर गप्पही बसणार नाहीत. नगरकरांचा मला एवढा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण भाविक घरांत ती राहून जाते. गाण्यांनी धीर येईल, मुदत वाढणार नाही. ते ६० दिवस, किंवा आय-९४ वरची (अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीवरची) तारीख, जे आधी संपेल ते. त्याच्या आत नवा मालक अर्ज करणार का, की स्टेटस (राहायच्या परवानगीचा प्रकार) बदलण्याचा अर्ज करायचा, हे याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलाला विचारा. चर्चच्या पाळकांनाही नोकरीचं उघड सांगा. मंडळीत कुणाच्या तरी कंपनीत जागा असते, कुणी चार दिवस डबा पोचवतं, पण कळल्याशिवाय कोण काय करणार? आणि मिस्टरांची झोप-जेवण सुटलं असेल, 'जगून काय करू' अशी भाषा येत असेल, तर गाणी आणि पाळक दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. अमेरिकेत ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या नंबरावर केव्हाही बोलता येतं.

आता सासऱ्यांचं. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही! तेही तिकडे एकटे पडले असणार. शनिवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावा; तुमच्याकडे उन्हाळ्याची वेळ चालू असेल तर नगरला तेव्हा रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात, उपासनेला निघायच्या आधीची वेळ. एकच गाणं म्हणायचं. दोन्हीकडून एकदम गाऊ नका. आवाज मागेपुढे पोचतो आणि नुसता गोंधळ होतो. एका आठवड्याला तुमचा माइक बंद ठेवून त्यांना गाऊ द्या, पुढच्या आठवड्याला त्यांचा बंद करायला सांगून मुलाला गिटार घेऊन बसवा. फोन मिस्टरांच्या हातात द्या. त्यांनी गायलं नाही तरी चालेल, फोन धरायला कुणीतरी लागतंच.