पी०४२० आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच का?

प्रश्न : माझी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक २०१७ ची आहे, ९२,००० किमी झाले. चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल, असं गॅरेजमध्ये सांगतात. गाडी ओढायला ठीक आहे, ॲव्हरेज पडलेलं नाही, पीयूसीही नुकतीच निघाली. मग कन्व्हर्टर खराब कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पीयूसीची नळी उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजते. इसीएम (इंजिनचा संगणक) धूर मोजतच नाही. कन्व्हर्टरच्या आतल्या सिरियम ऑक्साइडच्या थरात ऑक्सिजन किती साठतो, याचा अंदाज तो कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन ऑक्सिजन सेन्सरवरून बांधतो. साठा चांगला असेल तर पुढच्या सेन्सरचे चढउतार मागच्यापर्यंत पोचत नाहीत. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला आणि ते लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसलं, की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. त्यामुळे पीयूसी पास आणि पी०४२० हजर, हे एकाच वेळी होऊ शकतं.

कोड लगेच पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) उतरवून घ्या : वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (इसीएम इंधनात करतो ती टक्क्यांतली वाढ-घट). सोबत पी०३०० च्या घरातला मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा), पी०१७१-१७२ (मिश्रणात इंधन कमी किंवा जास्त) किंवा सेन्सर-हीटरचा कोड असेल तर तो आधी निस्तरा. पी०४२० अनेकदा त्याच्याच मागून आलेला असतो.

मग गाडी १५-२० मिनिटं चालवून पूर्ण गरम करा आणि २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा. आयडलवर बघू नका, कन्व्हर्टर थंडावतो आणि चांगलाही खराब भासतो. ब्लूटूथचा स्वस्त ॲडॉप्टर असेल तर ॲपमध्ये फक्त दोन सेन्सरचे आलेख ठेवा. दहा आकडे एकदम मागवले की वाचन मंदावतं आणि नाचणारी रेषासुद्धा सपाट दिसते. पुढचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा ०.६ ते ०.८ च्या आसपास स्थिर हवा. पुढे वाइडबँड (हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर असेल तर त्याचा आलेख असा नाचत नाही, तेव्हा मागचाच बघा.

मागचा सेन्सर जिवंत आहे का, हे कळायला ॲक्सिलरेटर झटकन दाबा : आकडा ०.८ च्या वर जायला हवा. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंधन तुटतं आणि आकडा ०.१ च्या जवळ येतो. बहुतेक गॅरेजेस इथे ‘आधी सेन्सर बदलून बघू’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सुस्तावलेला मागचा सेन्सर कमी नाचतो, म्हणजे तो खराब कन्व्हर्टर झाकतो. त्याच्यामुळे पी०४२० येणं विरळाच.

खरा चोर बहुधा गळती असते. मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा फ्लेक्सी पाइप फाटला की धुराच्या दोन ठोक्यांमधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक ऐकू येते का, जोडांवर काजळी आहे का, ते बघा. खात्री करायची तर इंजिन थंड आणि बंद असताना ब्लोअरने सायलेन्सरमधून हवा सोडा आणि जोडांवर साबणपाणी मारा.

तुमच्या गाडीत सीएनजीचा प्रश्न वेगळा तपासावाच लागेल. शॉर्ट (त्या क्षणाच्या) आणि लाँग (साठत आलेल्या) ट्रिमची बेरीज दोन्ही इंधनांवर ±१० टक्क्यांत हवी. पेट्रोलवर ठीक पण गॅसवर बाहेर जात असेल तर किटचं ट्यूनिंग, फिल्टर आणि इंजेक्टर बघा. मिथेन जाळायला कन्व्हर्टरला जास्त उष्णता लागते, त्यामुळे अर्धवट थकलेला कन्व्हर्टर गॅसवर आधी उघडा पडतो. कोड पुसून आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा, कॅटॅलिस्ट मॉनिटर (इसीएम स्वतः घेतो ती कन्व्हर्टरची चाचणी) स्कॅनरवर ‘कम्प्लीट’ दिसेपर्यंत. मॉनिटर पूर्ण होण्याआधी ‘कोड गेला’ म्हणण्याला अर्थ नाही.

गळती नाही, ट्रिम ठीक, मिसफायर नाही, तरी मागचा सेन्सर नाचतोच, तर कन्व्हर्टर संपला. पण तो का संपला, ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस थरावर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट शिरत असेल तर त्यातले सिलिकेट. कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाईल. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूचा थर पातळ असतो, कोड काही महिन्यांत परत येतो. जुना गॅरेजमध्ये सोडू नका : त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात चांगला भाव येतो.

प्रश्न : मागच्या सेन्सरखाली स्पेसर (पोकळ जोडतुकडा) लावला की दिवा जातो म्हणतात. लावू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नको. स्पेसर सेन्सरला धुरापासून दूर नेतो. दिवा जातो, प्रदूषण तसंच राहतं. शिवाय पुढे कन्व्हर्टर आतून फुटून तुंबू लागला तरी इशारा मिळणार नाही. उत्सर्जन यंत्रणेत असा फेरफार नियमातही बसत नाही.

प्रश्न : दिवा लागून न राहता लुकलुकतो. फरक काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फार मोठा. लुकलुकणं म्हणजे कन्व्हर्टर जाळू शकेल असा मिसफायर आत्ता चालू आहे. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये पेटतं, तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, हळू बाजूला घ्या. घाट चढायचा बाकी असेल तर गाडी टो करून न्या. प्लग आणि कॉइल आधी बघा. कोणत्या सिलिंडरचा कोड आहे ते पाहून त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइलच खराब.