जिओपॉलिमरचा पहिला घाणा

जिओपॉलिमर म्हणजे सिमेंटऐवजी औष्णिक वीज केंद्राची राख आणि अल्कली द्रावण वापरून केलेला माल. राख कोराडीची असो की चंद्रपूरची, आधी तिचा टेस्ट रिपोर्ट मागा. चुना कमी हवा, न जळलेला कोळसाही कमी हवा. कॉस्टिक सोडा आदल्या दिवशीच विरघळवा. ८ मोलर तीव्रतेसाठी एक लिटर द्रावणात ३२० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, आणि थोडाथोडा, कारण द्रावण चांगलंच तापतं. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, हायड्रोजन सुटतो. गॉगल-हातमोजे घालाच. गार झाल्यावर त्यात सोडियम सिलिकेट मिसळा आणि हे द्रावण राखेत घाला.

नुसत्या राखेचा ठोकळा साध्या हवेत लवकर धरत नाही. झाकून ६० अंशांवर २४ तास ठेवा. ओव्हन नसेल तर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची दळलेली मळी) घाला, पण मग माल लवकर धरतो, हात चटचट चालवा. माल घट्ट वाटला तरी वरून पाणी नको (गवंडी ओततोच, नजर ठेवा), ताकद जाते.